दाबाची साक्ष देणारा लाल उजेड

कुकरची शिट्टी झाली की घरातील लहान मूलसुद्धा सांगते, ‘भात झाला!’ शिट्टीवरचे वजन ठरलेले असते. आतल्या वाफेचा दाब त्या वजनाला भारी पडला की ते उचलले जाते आणि वाफ सुटते. म्हणजे कुकरची शिट्टी हे दाब ओळखण्याचे एक साधे साधनच आहे. आपल्याभोवतीच्या हवेचा जो दाब असतो, त्याच्या साधारण दुप्पट दाब कुकरमध्ये होतो. ट्रकच्या चाकात हवा भरणारा मुलगा नळी लावून काटा पाहतो, तिथे तो सात-आठ पट असतो. कारखान्यात बॉयलरवर काम करणाऱ्यांना तर काट्याचे महत्त्व सांगायलाच नको. काटा खोटा बोलला तर बॉयलर फुटतो आणि माणसे मरतात.

आता असे समजा की दाब हवेच्या दहा लाख पट आहे आणि ज्या जागेत तो निर्माण केला आहे, ती जागा सुईच्या टोकाएवढी आहे. तिथे नळी कुठे लावणार? काटा कुठे बसवणार? जे काही आत घालाल त्याचा क्षणात भुगा होईल. शास्त्रज्ञांपुढे ही अडचण अनेक वर्षे होती. तिचे उत्तर मिळाले ते एका लाल उजेडात. स्फटिकाचा बारीक कण आत ठेवायचा, त्यावर प्रकाश टाकायचा आणि तो कण स्वतः कोणत्या रंगाने चमकतो ते पाहायचे. दाब वाढला की त्याच्या चमकेचा रंग किंचित सरकतो. किती सरकला यावरून दाब किती, ते कळते.

ऐकायला हे सोपे वाटते. परंतु कोणत्याही साक्षीदाराचे म्हणणे उलटतपासणीशिवाय खरे मानू नये, हा नियम इथेही लागू आहे. पहिल्या साक्षीदाराची खोड काय होती आणि त्याच्या जोडीला दुसरा का आणावा लागला, हीच या लेखाची गोष्ट आहे.

जप्तीतले हिरे

फार मोठ्या दाबाचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात पर्सी ब्रिजमन यांनी केला. त्याबद्दल त्यांना १९४६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांची यंत्रे म्हणजे पोलादाची आणि टंगस्टन कार्बाइडची मोठमोठी दाबयंत्रे. त्यांच्या आत काय चालले आहे ते डोळ्यांनी दिसत नसे.

१९५८ च्या सुमारास वॉशिंग्टन येथील नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेत, म्हणजे वजने-मापे सांभाळणाऱ्या सरकारी खात्यात, चार जणांनी एक वेगळीच युक्ती काढली. चार्ल्स वेअर, एलिस लिपिनकॉट, ऑल्विन व्हॅन व्हाल्केनबर्ग आणि एल्मर बंटिंग ही त्यांची नावे. हिरा हा सर्वांत कठीण पदार्थ, शिवाय पारदर्शक. मग दोन हिऱ्यांची टोके घासून सपाट करायची, ती समोरासमोर ठेवायची आणि मध्ये पदार्थ धरून दाबायचा. लोहार ऐरणीवर लोखंड ठोकतो, तशी ही हिऱ्याची ऐरण. फरक इतकाच की इथे घणसुद्धा हिऱ्याचाच. पण हिरे आणायचे कुठून? सरकारने तस्करांकडून जप्त केलेले हिरे पडून होते, ते या मंडळींना प्रयोगासाठी मिळाले. चोरटा माल विज्ञानाच्या कामी आला, असे रोज घडत नाही.

या यंत्राला हत्तीची ताकद लागत असेल असे वाटेल. तसे मुळीच नाही. सगळे यंत्र तळहातावर मावते आणि स्क्रू हाताने आवळता येतो. दाब म्हणजे नुसते बळ नव्हे, तर ते किती जागेवर पडते त्याचा हिशेब. पायाखाली फळी असली तर काही होत नाही, खिळा असला तर चप्पल फोडून आत शिरतो. वजन तेच, जागा कमी. हिऱ्याचे सपाट केलेले टोक ०.३ मिलिमीटर व्यासाचे धरा. त्याचे क्षेत्रफळ होते सुमारे ०.०७ चौरस मिलिमीटर. त्यावर ७० किलो वजनाच्या एका माणसाचा भार टाकला, तर दाब होतो हवेच्या दाबाच्या जवळजवळ १ लाख पट! वहीत मांडून पाहावा, हिशेब बरोबर येतो. समुद्राच्या सर्वांत खोल तळाशी दाब हवेच्या सुमारे १,१०० पट असतो. म्हणजे एका माणसाच्या वजनाने आपण त्याच्या किती पुढे गेलो ते पाहा.

शास्त्रज्ञ हा दाब गिगापास्कल या मापात सांगतात. १ गिगापास्कल म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे १० हजार पट, एवढे लक्षात ठेवले की पुढचे सगळे समजेल.

पुढे व्हॅन व्हाल्केनबर्ग यांनी दोन हिऱ्यांच्या मध्ये धातूची पातळ चकती घातली आणि तिला बारीक भोक पाडले. त्या भोकात पाणी किंवा दुसरा द्रव कोंडता येऊ लागला. हिऱ्यातून सूक्ष्मदर्शकाने पाहिले तर साध्या खोलीच्या उष्णतेत, फ्रिज नाही, थंडी नाही, पाण्याचा बर्फ होताना दिसला. १ गिगापास्कलच्या आसपास हे घडते आणि हा बर्फ आपल्या नेहमीच्या बर्फासारखा तरंगत नाही, पाण्यात बुडतो.

यंत्र तयार झाले, पण आत दाब नेमका किती? वजन भागिले क्षेत्रफळ हा हिशेब कागदावर ठीक असतो. प्रत्यक्षात काही भार धातूची चकतीच खाऊन टाकते, काही घर्षणात जातो, आणि मध्यभागी दाब जास्त तर कडेला कमी असतो. दुसरा मार्ग होता मिठाचा. साध्या मिठाचा कण आत ठेवायचा, त्यावर क्ष-किरण सोडायचे आणि मीठ किती आकसले ते पाहून दाब काढायचा. मार्ग खात्रीचा, पण एकेका मोजणीला तासन् तास लागत. काट्याकडे पाहताच आकडा कळावा, अशी सोय हवी होती.

माणकाचा कण

बँकेत किंवा दुकानात कॅशिअर पाचशेची नोट एका जांभळ्या दिव्याखाली धरतो, हे आपण पाहिले आहे. त्या दिव्याचे अतिनील किरण आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण नोटेवरचे नंबर आणि कागदातले बारीक धागे चमकू लागतात. एका रंगाचा प्रकाश पोटात घेऊन दुसऱ्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकणे, याला फ्लुरोसन्स म्हणतात. आपली ट्यूबलाइट याच तत्त्वावर चालते. नळीच्या आत तयार होतात अतिनील किरण. काचेला आतून लावलेली पांढरी पूड ते गिळते आणि पांढरा उजेड देते. नळी फुटल्यावर हाताला लागते ती हीच पूड.

हे कसे घडते? अणूमध्ये इलेक्ट्रॉन असतात आणि त्यांच्या जागा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या ठरलेल्या असतात. बाहेरून प्रकाश आला की इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर चढतो. थोड्या वेळाने खाली उतरतो आणि उतरताना प्रकाश सोडतो. दोन पायऱ्यांमधील अंतर जास्त असेल तर प्रकाश निळ्याकडचा, कमी असेल तर लाल. पायरीची उंची बदलली की प्रकाशाचा रंग बदलणार, हे ओघानेच आले. आणि स्फटिक दाबला की पायरीची उंची बदलते.

१९७२ साली त्याच वजने-मापे खात्यातील रिचर्ड फोरमन, गॅस्पर पिअरमारिनी, डीन बार्नेट आणि स्टॅन्ली ब्लॉक यांनी ‘सायन्स’ या साप्ताहिकात जाहीर केले की, माणकाच्या चमकेवरून दाब मोजता येतो. माणिक म्हणजे ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचा स्फटिक आणि त्यात अगदी थोडे क्रोमियम. त्यावर हिरवा किंवा निळा प्रकाश टाकला की तो गडद लाल चमकतो. ही चमक पसरट नसते. ती दोन अगदी बारीक रेषांत असते आणि त्यातील ठळक रेषा ६९४.२ नॅनोमीटर या तरंगलांबीवर पडते. (१ नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) दाब १ गिगापास्कलने वाढला की ही रेषा सुमारे ०.३६ नॅनोमीटर आणखी लालकडे सरकते. डोळ्यांना हा फरक कळणार नाही, पण वर्णपट मोजणाऱ्या साधनाला तो सहज कळतो.

हे माणिक जवाहिऱ्याकडचे नव्हे. कारखान्यात बनवलेल्या कृत्रिम माणकाची पूड करायची आणि केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढा एक कण त्या भोकात टाकायचा. लेसर हिऱ्यातूनच आत जातो आणि लाल उजेड हिऱ्यातूनच बाहेर येतो. कुठे तार नाही, नळी नाही. जिथे तासन् तास लागत तिथे आता काही क्षण पुरू लागले. ग्रहशांतीसाठी बोटात माणिक घालायला सांगणारे आपल्याकडे पुष्कळ भेटतात. माणकाचा हा गुण मात्र त्यांनी कधी सांगितल्याचे ऐकिवात नाही.

अर्थात माणिक म्हणते म्हणून दाब तेवढा, असे धरून चालणार नव्हते. त्याचा ताळा घ्यायला हवा होता. १९७५ साली पिअरमारिनी आणि सहकाऱ्यांनी माणिक आणि मीठ एकाच भोकात ठेवून दोघांचे आकडे १९.५ गिगापास्कलपर्यंत जुळवून पाहिले. १९७८ साली वॉशिंग्टनच्याच कार्नेगी संस्थेतील हो-क्वांग माओ आणि पीटर बेल यांनी, इतर सहकाऱ्यांसह, तांबे, चांदी यांसारख्या धातूंशी ताळा घेत हे माप १०० गिगापास्कलपर्यंत, म्हणजे हवेच्या दहा लाख पटीपर्यंत नेले. तेथे माणकाची रेषा सरकून सुमारे ७२५ नॅनोमीटरपर्यंत जाते. पृथ्वीच्या पोटात २,९०० किलोमीटर खोलीवर जिथे खडक संपून वितळलेले लोखंड सुरू होते, तिथला दाब १३६ गिगापास्कल आहे. पृथ्वीच्या मध्यबिंदूशी तो सुमारे ३६४ गिगापास्कल होतो. तिथपर्यंत खणत जाणे कोणालाही शक्य नाही. टेबलावरच्या मुठीएवढ्या यंत्रात मात्र तो दाब आणता येतो.

गरम झाले की माणिक फसवते

माणकाची एक खोड आहे. ते दाबाने जसे लालकडे सरकते, तसेच उष्णतेनेही सरकते. एक अंश उष्णता वाढली की रेषा ०.००६८ नॅनोमीटर सरकते. आकडा क्षुल्लक दिसतो. पण शंभर अंश वाढवा, म्हणजे सरक झाली ०.६८ नॅनोमीटर, आणि तिचा दाबातला हिशेब झाला जवळजवळ १.९ गिगापास्कल. म्हणजे दाब मुळीच न वाढवता, नुसते तापवून, माणिक सांगेल की दाब हवेच्या १९ हजार पटींनी वाढला! याला साक्ष म्हणायचे की बनाव? माणसाला ताप आला आणि वजनकाट्याने त्याचे वजन वाढल्याचे दाखवले, असाच हा प्रकार.

उष्णता नेमकी ठाऊक असेल तर वजावट करता येते, हे खरे. परंतु अडचण तिथेच संपत नाही. तापवले की माणकाच्या दोन्ही रेषा पसरत जातात आणि शेजारी असल्यामुळे एकमेकींत मिसळतात. रेषेचे टोक नेमके कुठे आहे तेच कळेनासे होते. आणि ज्यांना पृथ्वीच्या पोटाचा अभ्यास करायचा आहे, त्यांना दाबाबरोबर उष्णता तर हवीच. धरणीच्या पोटात थंडगार काही नाही.

आतल्या खोलीतील इलेक्ट्रॉन

इथे विरल मृत्तिका, म्हणजे ज्यांना रेअर अर्थ म्हणतात ती मूलद्रव्ये, कामाला आली. लँथेनमपासून ल्युटेशियमपर्यंतची पंधरा आणि सोबत स्कँडियम व इट्रियम, अशी ही सतरा भावंडे. नावात ‘विरल’ असले तरी ती फारशी दुर्मिळ नाहीत. त्यातले सेरियम पृथ्वीच्या कवचात साधारण तांब्याइतके आहे. मात्र ती एकमेकांत इतकी मिसळलेली असतात की वेगळी करणे जिकिरीचे. आपल्या देशात केरळमधील चवरा आणि तमिळनाडूतील मनवलकुरिची येथील समुद्राच्या वाळूत मोनाझाइट नावाचे खनिज सापडते, त्यात ही मूलद्रव्ये आहेत. त्यासाठी १९५० साली इंडियन रेअर अर्थ्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली.

आपल्या घराशी त्यांचा संबंध जुना आहे. काचेच्या नळीच्या रंगीत टीव्हीत जो लाल रंग दिसे, तो युरोपियम या मूलद्रव्याचा. सीएफएल दिव्यात युरोपियम आणि टर्बियम असे. आताच्या पांढऱ्या एलईडी बल्बमध्ये निळ्या दिव्यावर जी पिवळी पूड असते, तिच्यात सेरियम आहे.

आपल्या गोष्टीतला दुसरा साक्षीदार आहे समेरियम. फ्रान्समधील लकॉक द बोइबोद्राँ यांनी १८७९ साली ते शोधले. समर्स्काइट या खनिजातून मिळाले म्हणून समेरियम. आणि त्या खनिजाला नाव मिळाले होते ते समर्स्की नावाच्या एका रशियन खाण-अधिकाऱ्याचे. हा गृहस्थ शोधक नव्हता. खनिजाचे नमुने अभ्यासकाला पाहू देण्याइतके त्याने केले, आणि एवढ्यावर मूलद्रव्याच्या यादीत कायमचे नाव! कार्यालयात बसून फायली अडवणाऱ्यांनी याचा विचार करावा.

समेरियम माणकातील क्रोमियमपेक्षा चांगला साक्षीदार कसा? चाळीतील घराचे उदाहरण घेऊ. क्रोमियममधील प्रकाश देणारे इलेक्ट्रॉन गॅलरीत बसलेले असतात. रस्त्यावर जे होईल, शेजारी जे भांडतील, ते सगळे त्यांच्या कानांवर. विरल मृत्तिकांच्या आयनांमध्ये हे इलेक्ट्रॉन आतल्या खोलीत असतात. त्यांच्या बाहेर इलेक्ट्रॉनांचे आणखी थर असतात आणि ते भिंतीसारखे आड येतात. उष्णतेने स्फटिकातले अणू थरथरत असतात. त्या थरथरीचा गलका गॅलरीपर्यंत पोहोचतो, पण आतल्या खोलीत फारच कमी. म्हणून या आयनांच्या चमकेच्या रेषा बारीक राहतात आणि तापवल्यावर फारशा ढळत नाहीत.

मग दाबाची बातमी तरी आत कशी पोहोचते? थरथर म्हणजे गलका, तो भिंत अडवते. दाबाने तर सगळी चाळच आवळली जाते, भिंतींसकट. शेजारचे ऑक्सिजनचे अणू जवळ सरकतात आणि त्यांचे इलेक्ट्रॉन समेरियमच्या इलेक्ट्रॉनांमध्ये थोडे थोडे मिसळू लागतात. या मिसळण्याने एक गंमत होते. बाहेरून आवळले जात असताना आतले इलेक्ट्रॉन मात्र किंचित पसरतात. पसरले की एकमेकांपासून थोडे दूर होतात आणि त्यांच्यातील आपसातली ढकलाढकली कमी होते. पायऱ्यांची उंची मुख्यतः या ढकलाढकलीवरच ठरलेली असते. ती कमी झाली की पायरी ठेंगणी होते, आणि प्रकाश लालकडे सरकतो.

स्फटिक जितका मऊ, तितका तो जास्त आवळला जातो आणि रेषा जास्त सरकते. स्ट्रॉन्शियम, फ्लोरिन आणि क्लोरिन यांच्या मऊ स्फटिकात समेरियम घातले तर रेषा एका गिगापास्कलला सुमारे १.१ नॅनोमीटर सरकते, म्हणजे माणकाच्या तिप्पट. कमी दाब अचूक मोजायचा तर हे फार उपयोगी. तेव्हा साक्षीदार एकच, पण त्याला कोणत्या घरात ठेवता यावर तो किती मोठ्याने बोलेल ते ठरते.

सर्वच विरल मृत्तिका अशा अबोल नसतात. सेरियमचा इलेक्ट्रॉन प्रकाश देण्यापूर्वी आतल्या खोलीतून उठून बाहेरच्या थरात येतो. त्यामुळे एलईडी बल्बमधील पिवळी चमक बारीक रेषेची नसून पसरट पट्ट्याची असते आणि दाबाला ती फार हळवी असते. दिव्यासाठी पसरट पट्टा छानच, पण मोजमापाला बारीक रेष हवी. आणि टीव्हीच्या लाल पुडीतील युरोपियम आणखी एक बातमी देते. इट्रियम ऑक्साइडची ही पूड साधारण १२ गिगापास्कलच्या आसपास दाबली की तिच्यातील अणूंची रचनाच बदलते. युरोपियमच्या रेषांची मांडणी त्याबरोबर बदलते. नुसता दाब किती हेच नव्हे, तर शेजारी कोण कुठे बसले आहे, हेही हा आयन सांगतो.

समेरियमबाबतची आणखी एक हकिकत आपल्या देशातल्या माणसाची आहे. सर सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली बंगलोरला तयार झालेले ए. जयरामन पुढे अमेरिकेत बेल लॅबोरेटरीजमध्ये गेले. १९७० साली त्यांनी सहकाऱ्यांसह दाखवून दिले की, काळे समेरियम सल्फाइड हवेच्या सुमारे साडेसहा हजार पट दाबाखाली एकाएकी सोनेरी होते. तिथे आतल्या खोलीतला इलेक्ट्रॉन चक्क घर सोडून बाहेर मोकळा फिरू लागतो आणि पदार्थ धातूसारखा वागतो. ही फ्लुरोसन्सची गोष्ट नव्हे. पण आतल्या खोलीची भिंतसुद्धा अभेद्य नाही, हे तिच्यावरून समजते. हिऱ्याच्या ऐरणीवर १९८३ साली जयरामन यांनी लिहिलेला विस्तृत लेख जगभरच्या अभ्यासकांनी वाचला. आज मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही अशा ऐरणीवर काम होते.

दोन साक्षीदार

१९८९ साली पॅरिसमधील लाकाम आणि शातो या संशोधकांनी स्ट्रॉन्शियम टेट्राबोरेट या स्फटिकात समेरियम घालून नवा दाबमापक सुचवला. त्याची रेषा ६८५.४ नॅनोमीटरवर पडते. ती एकटीच असते, माणकासारखी जुळी नसते, त्यामुळे शेजारणीत मिसळण्याचा प्रश्नच नाही. दर गिगापास्कलला ती सुमारे पाव नॅनोमीटर सरकते, म्हणजे माणकापेक्षा थोडी कमीच. पण उष्णतेने? एका अंशाला जेमतेम ०.०००१ नॅनोमीटर. शंभर अंश तापवले तरी दाबाच्या हिशेबात चूक होते ती ०.०४ गिगापास्कलची. माणकाची चूक १.९ गिगापास्कलची होती, हे आठवावे. जवळजवळ पन्नासपट फरक!

१९९० साली अमेरिकेतील लॉस अलामोस येथील हेस आणि शिफर्ल यांनी गार्नेट जातीच्या स्फटिकात समेरियम घालून असाच उष्णतेला दाद न देणारा मापक तपासला. १९९७ साली फ्रेदेरिक दाची आणि सहकाऱ्यांनी पॅरिसच्या बोरेट-मापकाचा ताळा १२४ गिगापास्कलपर्यंत घेतला आणि तो ९०० केल्व्हिनपर्यंत, म्हणजे सहाशे अंश सेल्सिअसच्याही वर, तापवून पाहिला. २००० साली याच गटाने अरगॉन, हेलियम, हायड्रोजन आणि बर्फ हे मोठ्या दाबाखाली किती उष्णतेला वितळतात याच्या रेषा आखल्या. तापवल्यावरही खरे बोलणारा दाबमापक नसता तर असल्या रेषेवर कोणी विश्वास ठेवला नसता.

मोजमाप ढिले राहिले तर काय होते, त्याचे एक उदाहरण ताजे आहे. जानेवारी २०१७ मध्ये हार्वर्डच्या दोन शास्त्रज्ञांनी जाहीर केले की, ४९५ गिगापास्कल दाबाखाली त्यांनी हायड्रोजनचा धातू बनवला. बातमी जगभर गाजली. लगेच इतर तज्ज्ञांनी विचारले, ४९५ हा आकडा कुठून आणला? खालच्या दाबापर्यंत माणिक वापरले होते. त्यापुढे स्क्रू किती फिरवला यावरून अंदाज, आणि शेवटी हिऱ्याच्या स्वतःच्या रामन-वर्णपटावरून आकडा. मधल्या टप्प्याचा ताळा नव्हता आणि प्रयोग एकदाच केलेला होता. पुन्हा तपासून पाहावे तर फेब्रुवारीत तो हिराच फुटला आणि नमुना नाहीसा झाला. दावा खरा की खोटा हा प्रश्न बाजूला ठेवला तरी ज्या वहीचा ताळा नाही त्या वहीवर सही कोणी करावी?

माणकाचे मापही तेच राहिलेले नाही. २०२० साली अनेक देशांच्या अभ्यासकांनी एकत्र बसून १५० गिगापास्कलपर्यंतचे नवे माणिक-माप ठरवले. जुन्या मापाने वरच्या टोकाला दाब काही टक्क्यांनी कमी सांगितला जात होता, असे त्यात दिसून आले. पन्नास वर्षे वापरलेला काटासुद्धा पुन्हा तपासावा लागतो, आणि तपासणाऱ्यांना त्यात कमीपणा वाटला नाही.

तापवून करायच्या प्रयोगांत आता दोन्ही कण एकाच भोकात शेजारी शेजारी ठेवण्याची पद्धत आहे, एक माणकाचा आणि एक समेरियमच्या बोरेटचा. लेसर आधी एकावर टाकतात, मग दुसऱ्यावर. समेरियम दाब सांगते. तो दाब वजा केला की माणकाच्या रेषेत जी सरक उरते ती उष्णतेची, म्हणजे तिथे माणिक थर्मामीटरचे काम करते. ज्या खोडीमुळे ते एकटे भरवशाचे नव्हते, तीच खोड दुसऱ्याच्या सोबतीने अशी उपयोगी पडते.